वजीफ्याचा पैसा कोठून येतो?

मे २०२५ च्या अखेरीस उर्दू वर्तमानपत्रांत आणि आम्हा शिक्षकांच्या मोबाईलवर एका मुलाचा फोटो फिरत होता. फैजान जकी, वय तेरा वर्षे, राहणार अमेरिकेतील टेक्सास, घराणे मूळ हैदराबादचे. इंग्रजी शब्दांच्या स्पेलिंगची अमेरिकेतली राष्ट्रीय स्पर्धा त्याने जिंकली होती. आदल्या वर्षी तो दुसरा आला होता. इनाम पन्नास हजार डॉलर. 'माशाअल्लाह' आणि 'मुबारक' लिहून सर्वांनी तो फोटो पुढे पाठविला, आम्हीही पाठविला. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. तेव्हा सातवीच्या वर्गात आम्ही ही हकीकत सांगितली, तर पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, इतने पैसे उसके अकेले के?"

प्रश्न भाबडा वाटेल, पण तो तसा नाही. स्पर्धेतून पैसा उभा राहतो. मग तो कोणाचा? जिंकणाऱ्याचा, भरविणाऱ्याचा, की ज्याला स्पर्धेच्या दारापर्यंतही येता आले नाही त्याचा? आमच्या समाजात तालिमी स्पर्धा पुष्कळ होतात. वजीफ्याची गरजही पुष्कळ आहे. या दोन गोष्टींची गाठ मात्र क्वचितच पडते. ती ज्यांनी घातली त्यांची हकीकत मराठी वाचकांना फारशी ठाऊक नाही, म्हणून ती येथे मांडावीशी वाटते.

स्पेलिंगची ही स्पर्धा अमेरिकेत १९२५ साली सुरू झाली. नऊ वर्तमानपत्रांनी मिळून ती भरविली होती आणि पहिल्या विजेत्याला पाचशे डॉलरची सोन्याची नाणी मिळाली होती. पुढे १९४१ पासून स्क्रिप्स नावाच्या वृत्तपत्रसमूहाने ती चालविली. साठ वर्षे त्या स्पर्धेत भारतीय नाव विजेता म्हणून आले नाही. ते येणार तरी कसे? आपले लोक मोठ्या संख्येने तिकडे गेले तेच १९६५ चा नवा कायदा झाल्यावर. त्या कायद्याने डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ यांना दार उघडले. जे गेले ते येथल्या सरकारी कॉलेजांतून नाममात्र फीमध्ये शिकून गेले होते, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे. १९८५ साली बालू नटराजन हा मुलगा जिंकला, १९८८ साली रागश्री रामचंद्रन, १९९९ साली नूपुर लाला. आणि २००८ ते २०१९ या बारा वर्षांत एकही वर्ष असे गेले नाही की विजेत्यांत भारतीय वंशाचे मूल नव्हते. २०१९ साली तर एकाच वेळी आठ मुलांना विजेते ठरवावे लागले. त्यांत सात भारतीय वंशाची होती आणि एकाचे आडनाव सुखटणकर होते.

लोक म्हणतात, हे पाठांतराचे वेड. काही अंशी ते खरेही आहे. पण या यशामागे एक संस्था आहे आणि ती स्पेलिंगसाठी निघालेलीच नव्हती. ती निघाली होती भारतातल्या गरीब मुलांची फी भरण्यासाठी.

१९८९ साली रत्नम चित्तुरी या मूळच्या आंध्रातल्या अभियंत्याने अमेरिकेत 'नॉर्थ साऊथ फाउंडेशन' स्थापन केले. नावातच सर्व आले. जगाच्या उत्तरेकडे सुबत्ता, दक्षिणेकडे गरज. भारतात हुशार पण गरीब मुलगा इंजिनिअरिंगला, मेडिकलला किंवा पॉलिटेक्निकला लागतो आणि फी नाही म्हणून अर्ध्यात सोडतो. त्याला वर्षाला थोडी रक्कम द्यावी, एवढाच उद्देश. पहिली चार वर्षे संस्था इतर कोणत्याही संस्थेसारखीच चालली, म्हणजे ओळखीच्या लोकांकडे देणगी मागून. चंदा मागणाऱ्याला पहिल्या वर्षी चहा मिळतो, दुसऱ्या वर्षी नुसते पाणी आणि तिसऱ्या वर्षी घरचे लोक 'बाहेर गेलेत' म्हणून सांगतात. हा अनुभव अमरावतीचा असो की अमेरिकेचा, फार वेगळा नसावा.

१९९३ साली त्यांनी दिशा बदलली. तिकडच्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत भारतीय घरांतली मुले गणितात पुढे असत, पण इंग्रजी भाषेच्या भागात मागे पडत. घरी तेलुगू, गुजराती, मराठी, उर्दू बोलणाऱ्या आई-बापांची ही मुले. आई-बापांना त्याची काळजी होती. चित्तुरींनी हीच काळजी हेरली आणि मुलांसाठी स्पेलिंगची आणि शब्दसंग्रहाची स्पर्धा सुरू केली. पुढे गणित, भूगोल, विज्ञान, निबंध, वक्तृत्व अशी भर पडत गेली. आता तिकडे या संस्थेची नव्वदहून अधिक केंद्रे आहेत. सुट्टीच्या दिवशी एखाद्या शाळेच्या इमारतीत वर्ग मागून घ्यायचे. शब्द उच्चारणारे, गुण लिहिणारे, दारावर नाव नोंदविणारे, मुलांना खाऊ वाटणारे सगळे पालकच, आणि ही सारी मेहनत विनामोबदला. आई-बाप मुलाची प्रवेश-फी भरतात, मूल दिवसभर डोके चालवून घरी जाते आणि तो पैसा इकडच्या एखाद्या पॉलिटेक्निकच्या मुलाच्या फीला लागतो. स्क्रिप्सच्या स्पर्धेत पुढे गाजलेली कितीतरी मुले आधी या छोट्या केंद्रांवर घासून-पुसून तयार झालेली होती.

येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. यात नवीन काय? फी घेऊन स्पर्धा सर्वच घेतात. नवीन आहे ती पैशाची दिशा. फी भरतो तो सुखवस्तू घरातला बाप, आणि त्याला वाटते आपण आपल्या मुलासाठी भरतो आहोत. ते खोटे नाही, मुलाला काहीतरी मिळतेच. पण वजीफा त्या मुलाला मिळत नाही, हजारो मैलांवरच्या दुसऱ्या मुलाला मिळतो. देणारा दरवर्षी आपल्या गरजेने येतो, त्याच्या दारात कोणाला जावे लागत नाही. घेणाऱ्यालाही कोणाचे तोंड पाहावे लागत नाही. दान हे दानासारखे न दिसता होते. आमच्या दीनमध्ये तर उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये म्हणून सांगितले आहे, पण आमच्या जलशांत देणाऱ्याचे नाव लाऊडस्पीकरवरून तीन वेळा पुकारले जाते.

ही युक्ती अमेरिकेत जन्मली असे कोणी समजू नये. आमच्या घरातच ती शंभर वर्षे आधी होती.

सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली अलीगढला मदरसा काढला, १८७७ साली कॉलेजची पायाभरणी झाली. हे सर्वांना माहीत असते. इमारतींसाठी त्यांनी देशभर चंदा गोळा केला, हेही माहीत असते. पण गरीब विद्यार्थ्यांच्या वजीफ्यासाठी ते स्वतः रंगमंचावर उभे राहिले, हे आमच्या पाठ्यपुस्तकांत येत नाही. फेब्रुवारी १८८९ मध्ये अलीगढच्या नुमाइशीत तिकीट लावून एक कार्यक्रम झाला. सत्तरी ओलांडलेले, पांढऱ्या दाढीचे, सरकारदरबारी मान असलेले सर सय्यद त्यात लोकांसमोर आले. शरीफ घराण्यातल्या माणसाने तमाशगीरासारखे मंचावर यावे का, म्हणून नाके मुरडली गेली. त्यांनी लॉटरीही काढली, तेव्हा ती जायज की नाजायज यावर वाद झाला. आमचे मत विचाराल तर लॉटरीची बाजू आम्ही घेणार नाही. पण मंचावर उभे राहण्याची बाजू अवश्य घेऊ. लोकांना तिकिटाच्या बदल्यात काहीतरी द्यावे आणि त्या पैशाने मुले शिकवावीत, हे त्यांना उमगले होते.

पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, साहबजादा आफताब अहमद खान या तरुणाने अलीगढला 'अंजुमन-अल-फर्ज' सुरू केली. इंग्रजीत तिला 'ड्यूटी सोसायटी' म्हणत. आमच्या दृष्टीने ही त्या काळातली सर्वांत मोठी घटना आहे, कारण यात विद्यार्थीच विद्यार्थ्यांसाठी उभे राहिले. जमीनदारांची, वकिलांची मुले सुट्टीत घरी जाऊन आराम करण्याऐवजी टोळ्या करून गावोगाव फिरू लागली आणि ज्यांना फी परवडत नाही त्या आपल्याच वर्गमित्रांसाठी पैसा जमवू लागली. जत्रेत, प्रदर्शनात ती दुकान मांडीत. नवाबाचा मुलगा गल्ल्यावर बसून सुटे पैसे मोजतो आहे, हे दृश्य त्या काळाच्या शराफतीला चांगलेच झोंबले असणार. 'फर्ज' हा शब्द त्यांनी जाणून निवडला होता. खैरात मर्जीची असते, फर्ज मर्जीचा नसतो. हेच आफताब अहमद खान पुढे अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

अलीगढची ही हवा आमच्या भागापर्यंत पोहोचली होती. १९१० साली मुस्लिम एज्युकेशनल कॉन्फरन्सचे अधिवेशन नागपुरात भरले. वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांताला जोडलेला होता. निजामाकडून तो इंग्रजांच्या हाती १८५३ साली गेला आणि १९०२ साली कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडे राहिला. निजामाचे राज्य गेले तरी वऱ्हाडात उर्दू मागे राहिली, उर्दू शाळाही राहिल्या. पण अलीगढमधून शिकलेला मनुष्य परत येऊन वऱ्हाडच्या खेड्यात वजीफ्याची गाडी चालवील, असे फार झाले नाही. शिकलेला नोकरीच्या गावी गेला आणि खेड्यात राहिला तो कापूस वेचणारा, बैलबाजारात दलाली करणारा, पिंजारी, कसाई, तेलाच्या घाण्यावरचा.

महाराष्ट्रात वजीफ्याचा आणि वसतिगृहाचा विचार इतरांनीही केला आणि त्यात आमची मुले सामावून घेतली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढविली आणि तिचे अध्यक्षपद स्वतः घेतले. साताऱ्याला भाऊराव पाटलांनी सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसविली आणि मूठमूठ धान्य जमवून त्यांना जेवू घातले. आमच्या अमरावती जिल्ह्यात पापळच्या पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. आज वऱ्हाडातल्या मुसलमान घरांतही असा पदवीधर सहज सापडतो की ज्याची गुणपत्रिका त्या संस्थेच्या कॉलेजची आहे. हे सर्व लोक मागून आणीत, पण मागताना समाजाला कामाला लावीत. त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून आम्ही येथे थांबतो.

स्वयंसेवकांनी परीक्षा घेण्याची परंपरा मात्र आमच्या अगदी उंबरठ्यावर आहे आणि तिच्याकडे आमच्या लोकांचे लक्ष गेलेले नाही. तिवसा तालुक्यातच मोझरी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम तेथे १९३५ पासून आहे. महाराजांनी लिहिलेल्या ग्रामगीतेवर गुरुदेव सेवा मंडळ परीक्षा घेते. केंद्रे शाळाशाळांतून असतात, पर्यवेक्षक म्हणून गावातलेच सेवक आणि शिक्षक उभे राहतात. पलीकडे वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा. वर्ध्याला १९३६ साली राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली आणि तिच्या प्रवेश, परिचय, कोविद या परीक्षांना वऱ्हाडातल्या दोन-तीन पिढ्या बसल्या. गावोगावचे प्रचारक शाळा सुटल्यावर वर्ग घेत. उर्दूचे म्हणाल तर १९३९ साली निघालेल्या जामिया उर्दूच्या अदीब, अदीब माहिर, अदीब कामिल या परीक्षा आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी उस्तादांनी दिल्या. दिवसा मजुरी आणि रात्री कंदिलाशी 'माहिर'चा अभ्यास, असे सांगणारे बुजुर्ग आम्ही पाहिले आहेत.

म्हणजे परीक्षा कशी भरवावी, प्रश्नपत्रिका कशी सीलबंद ठेवावी, खेड्यातल्या केंद्रावर गठ्ठा वेळेवर कसा पोहोचवावा, हे ज्ञान आमच्या मातीत आहे. राहिला प्रश्न पैशाचा.

पैशाच्या बाबतीत आम्ही सरकारवर विसंबून राहिलो, आणि त्यात गैर काहीच नव्हते. महाराष्ट्रात चौथी आणि सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासून होत आली. २०१७ साली ती पाचवी आणि आठवीला नेण्यात आली. ती परीक्षा आमच्या शाळांची खरी तालीम होती. रक्कम किरकोळ, पण यादीत नाव आले की गावात मुलाच्या बापाला लोक थांबवून विचारीत. पुढे न्यायमूर्ती सच्चर यांच्या समितीचा अहवाल २००६ साली आला आणि २००८ पासून अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती मिळू लागली. वर्षाचे हजार रुपये. शहरातल्या वाचकाला ते हास्यास्पद वाटतील. आम्ही ते अर्ज भरले आहेत. उत्पन्नाचे स्वयंघोषणापत्र, बँकेचे पासबुक, आईच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे, त्यासाठी तहसीलच्या फेऱ्या. आणि तरीही जूनमध्ये शाळेच्या दारात उभी राहून एखादी आई विचारी, "सर, वो हजार रुपये आये क्या?" त्या हजारात दप्तर, वह्या, बूट आणि पावसाळ्याची छत्री येत असे. मुलीला शाळेतून काढण्याचा विचार त्या हजारासाठी एक वर्ष पुढे ढकलला जात असे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिली ते आठवीसाठी ही शिष्यवृत्ती बंद झाली. सांगण्यात आले की शिक्षण हक्काच्या कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मोफतच आहे. कागदावर ते बरोबर आहे. छत्री मात्र मोफत नाही. त्याच वर्षी संशोधन करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिप थांबली. १९८९ साली स्थापन झालेले मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन बंद करण्याचा आदेश २०२४ मध्ये निघाला. गंमत अशी की १९८९ हेच वर्ष चित्तुरींच्या संस्थेचेही. दोघी एका वयाच्या. एक सरकारच्या मर्जीवर होती ती गेली, दुसरी पालकांच्या गरजेवर उभी होती ती चालू आहे. तक्रार म्हणून आम्ही हे लिहीत नाही. तक्रार करायची ती जागा वेगळी आहे आणि ती अवश्य करावी.

आता आमच्याकडे मोठी परीक्षा राहिली ती आठवीची 'एनएमएमएस'. २००८ साली सुरू झालेल्या या योजनेत आर्थिक दुर्बल घरातल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ शिष्यवृत्त्या आहेत. प्रश्नपत्रिका उर्दूतही असते. ही संधी सोन्यासारखी आहे आणि तिची तयारी करून घेणे हे आम्ही शिक्षकांनी आपले काम समजावे. पण अख्ख्या महाराष्ट्रात अकरा-बारा हजार मुले. बाकीच्यांचे काय?

बाकीच्यांसाठी आमचा समाज काय करतो, तर स्पर्धा भरवितो. सामान्यज्ञान स्पर्धा, सीरत क्विझ, तकरीर, किरअत, निबंध. हिवाळा लागला की दर महिन्याला एखादे पत्रक शाळेत येते. हे सारे चांगल्या नियतीने होते, यात शंका नाही. पण पैसा कसा वाहतो तो पाहा. समजा, एका तालुक्यातून तीनशे मुले बसली आणि प्रत्येकाने तीस रुपये भरले. झाले नऊ हजार. हे पैसे कोणी दिले? मजुराने, रिक्षावाल्याने, ठेल्यावर केळी विकणाऱ्याने; कारण उर्दू शाळेत बहुतेक त्यांचीच मुले आहेत. डॉक्टरचे, वकिलाचे, आणि खरे सांगायचे तर पुष्कळशा उर्दू शिक्षकांचेही मूल इंग्रजी शाळेत आहे, ते या स्पर्धेत नसते. त्या नऊ हजारांत मंडप लागतो, लाऊडस्पीकर लागतो, पाहुण्यांच्या शाली लागतात, पितळी रंगाच्या प्लास्टिकच्या ढाली लागतात. पहिला आलेल्या मुलाला ढाल आणि लिफाफा मिळतो, आणि पहिला तोच येतो ज्याच्या घरी अभ्यासाला जागा आहे, मोठा भाऊ शिकलेला आहे. म्हणजे गरिबाकडून घेतले आणि थोड्या बऱ्या स्थितीतल्याला दिले. अमेरिकेत पैसा वरून खाली येतो, आमच्याकडे खालून वर जातो. एका स्पर्धेत तर प्रमाणपत्राचेही वेगळे पन्नास रुपये मागितले गेले. मुलांनी ते घरून आणले, आणि आणले नाहीत त्यांची नावे वर्गात वाचली गेली.

ढालींविषयी आणखी थोडे. आमच्या मोहल्ल्यातल्या घरांत टीव्हीवर, फ्रिजवर, कपाटावर या ढाली दिसतात. त्यांतली एखादी अशा मुलाची असते जो आता गॅरेजमध्ये काम करतो. वक्तृत्वात जिल्ह्यात पहिला, आणि अकरावीत नाव घातले नाही कारण अमरावतीला खोलीचे भाडे कोण देणार. त्या ढालीवर खर्च झालेले आणि त्या कार्यक्रमातल्या जेवणावर खर्च झालेले एकत्र केले असते तर निदान त्याच्या प्रवेशाचे पैसे निघाले असते.

नॉर्थ साऊथ फाउंडेशनमध्ये सर्व गोड आहे असेही नाही. त्यांचा वजीफा जातो तो कॉलेजच्या दारापर्यंत गुणवत्तेने पोहोचलेल्यांना. आमची सातवीतली मुलगी, जी दहावीही गाठेल की नाही हा प्रश्न आहे, ती त्या यादीत कधीच येणार नाही. शिवाय डॉलर इकडे आला की फुगतो. रुपयाला ती जादू नाही. तिकडच्या मुलांवर आई-बाप जे ओझे टाकतात त्याबद्दलही तिकडेच टीका होते, आणि ती निराधार नाही. पण हिशेबाची दिशा त्यांची बरोबर आहे. तेवढे घेण्यासारखे आहे.

घ्यायचे तर स्पेलिंगच घ्यावे, असे आम्हाला वाटते. उर्दूत त्याला इम्ला म्हणतात, आणि इम्ल्याइतकी कसोटीची गोष्ट दुसरी नाही. कानाला एकच 'ज' ऐकू येतो, कागदावर तो जाल आहे, जे आहे, ज्वाद आहे की जोय? 'स' आला तर से, सीन की स्वाद? 'त' आला तर ते की तोय? इंग्रजी स्पेलिंगवाल्या मुलाला शब्द ग्रीक आहे की फ्रेंच हे विचारावे लागते, तसे येथे शब्द अरबी आहे, फारसी आहे की हिंदुस्तानी, हे ओळखल्याशिवाय इम्ला सुटत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने तख्तीवर बोरूने हे गिरविले. आता उर्दू घरातल्या इंग्रजी शाळेतल्या मुलांना आपले नावही उर्दूत लिहिता येत नाही, आणि त्यांच्या आई-बापांना नेमकी त्याचीच हुरहूर आहे. पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये असलेला वऱ्हाडी मुसलमान तरुण, दुबईत, रियाधमध्ये असलेला, नागपूरला दवाखाना असलेला, यांच्या मुलांना कुराण वाचविण्यासाठी हाफिजसाहेब ठेवलेले आहेत, उर्दूसाठी कोणीही नाही. १९९३ साली चित्तुरींनी पालकांची जी काळजी हेरली ती हीच जातीची होती. तिकडे इंग्रजी कच्चे राहील ही भीती, इकडे उर्दू सुटेल ही भीती.

तेव्हा इम्ल्याची स्पर्धा घ्यायची ती या मुलांसाठी, आणि फी तीस रुपये नव्हे, तीनशे ठेवायची. शंभर मुले आली तरी तीस हजार. शब्दांच्या याद्या उर्दू शाळांतल्या शिक्षकांनी करायच्या, वर्ग सुट्टीच्या दिवशी घ्यायचे, मोबदला कोणी घ्यायचा नाही. उर्दू शाळेतली मुले फी न देता बसतील. आणि आम्हाला खात्री आहे की निकालात तीच पुढे असतील, हा फायदा वेगळाच. मंडप नाही, शाल नाही, ढाल नाही. जमलेला पैसा तालुक्यातल्या नववी-दहावीच्या आणि अकरावीत जाणाऱ्या मुलांसाठी, आणि हिशेब शाळेच्या फळ्यावर लिहायचा.

या पैशाबाबत एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. जकात कोणाला द्यावी याचे नियम ठरलेले आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. त्यामुळे जकातीतून वजीफा देताना प्रत्येक वेळी मुफ्तीसाहेबांना विचारावे लागते. मुलगी साहिबे-निसाब घरातली तर नाही, संस्थेच्या हातात दिले तर अदा होते की नाही, आणि मुसलमान नसलेल्याला देता येते की नाही. स्पर्धेची फी ही जकात नव्हे. ती मोबदल्याने आलेली रक्कम आहे. ती आमच्या शाळेशेजारच्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतल्या बौद्ध मुलीला किंवा पारध्याच्या मुलालाही देता येईल, आणि कोणाला विचारावे लागणार नाही. तिवशासारख्या गावात, जेथे उर्दू शाळेची आणि मराठी शाळेची मुले एकाच रस्त्याने घरी जातात, एकाच हातपंपावर पाणी पितात, तेथे ही गोष्ट छोटी नाही. शाहू महाराजांनी आणि भाऊरावांनी आमच्या मुलांसाठी जे केले त्याची परतफेड करण्याची संधी आमच्या समाजाला क्वचितच मिळते.

अडचण एकच आम्हाला दिसते आणि ती पैशाची नाही. ढालीवर नाव असते, शालीचा फोटो छापून येतो. फळ्यावरच्या हिशेबाला टाळ्या पडत नाहीत. अलीगढच्या त्या मुलांनी जत्रेत दुकान मांडले तेव्हा त्यांची नावे कोणी पुकारली नव्हती. आफताब अहमद खान सोडले तर त्यांतली फारशी नावे आज कोणाला आठवतही नाहीत. ज्यांची फी त्यांनी भरली त्यांतले काही वकील झाले, काही मुन्सफ, काही मास्तर.

इम्ल्यासाठी शब्दांची यादी आम्ही करायला घेतली आहे. जोयचे शब्द सर्वांत कमी सापडतात.